सुगंधाबाईचा अडीच एकर माळ

पालमच्या अलीकडे आमच्या शिवारात एक माळ आहे. कुसळं आणि दगडगोटे सोडून तिथं काही येत नाही, असं आजोबांपासून सगळे म्हणत आले. सहा वर्षांपूर्वी येडबा मेंढक्यानं निम्मा कळप विकून त्यातला अडीच एकर घेतला, तेव्हा गाव पोट धरून हसलं. आता मेंढरांना सातबारा चारणार का, असं मीच त्याला पारावर विचारलं होतं. माझं रान त्याच्या बांधाला लागून, त्यामुळं हसण्यातही माझा नंबर पहिला.

पण जमिनीचा सोस येडबाला नव्हताच. तो होता त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला. लग्न झाल्यापासून पंचवीस वर्षं तिनं वर्षातले आठ महिने वाटेवर काढले. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि पुढं मेंढरं. सोनपेठच्या बाजूला, गोदावरीकाठी मुक्काम असताना तिची तीन वर्षांची लेक तापानं गेली. एका रानाच्या कडेला तिला मातीआड केलं आणि चौथ्या दिवशी मुक्काम हलला. पुढच्या वर्षी आले तर तिथं ऊस उभा. जागा काही सापडली नाही. सुगंधाबाई हे सांगते तेव्हा रडत नाही, ऐकणाऱ्यालाच खाली बघावं लागतं. तेव्हापासून तिनं नवऱ्यामागं एकच धोशा लावला, आपलं म्हणावं असं टाचेएवढं तरी रान पाहिजे.

येडबानं रान घेतलं ते अट घालूनच. एक पीक बघायचं. आलं तर राहायचं, नाही तर दसरा झाला की पुन्हा वाटेला लागायचं.

पत्र्याचं खोपट उभं राहिलं. प्यायचं पाणी माझ्या विहिरीवरून. सुरुवातीला चार दिवस झाले की सुगंधाबाई भांडी पोत्यात भरायला घ्यायची, मग स्वतःशीच हसायची आणि परत मांडायची.

मेंढरं बसवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. कळप रात्री ज्याच्या रानात बसेल त्याला लेंड्यांचं खत मिळतं आणि तो मेंढक्याला धान्य देतो. एका जागी दोन रात्री, फार तर तीन. मग कळपाभोवतीची जाळी उचलून पुढं सरकायचं, कारण हे खत उष्ण, जास्त झालं की पीक जाळतं. येडबाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या उन्हाळ्यात शेतकरी त्याच्या दारात आले, धान्य वाढवून देतो म्हणाले, तरी तो हलला नाही. सगळा उन्हाळा कळप स्वतःच्याच माळावर, पंधरा-पंधरा दिवस एकाच जागी. मला ते दिसत होतं. मेंढक्याला मी काय शहाणपण शिकवणार, म्हणून गप्प बसलो. खरं सांगतो, एवढं खत त्याच्या एकट्याच्या रानात पडतंय याची थोडी असूयाही होती.

सोयाबीन उगवलं ते काळंभोर. सुगंधाबाई बांधावर बसून नुसती बघत राहायची. मग पावसानं तीन आठवडे ओढ दिली आणि उकळतं पाणी ओतल्यासारखी सगळी रोपं करपली. शेजारी माझं रान तग धरून होतं. येडबा उकिडवा बसला आणि त्यानं मूठभर माती उचलली.

"जलमभर लोकाच्या रानात दोन राती बसविली मेंढरं," तो मला म्हणाला. "सोताच्या रानात तेवढं माप सुटलं बगा."

चूक झाली होती ती मायेपोटी.

दसऱ्यानंतर त्याच्या भावाचा, लिंबाजीचा कळप जिंतूरच्या वाटेनं निघाला. येडबानं सामान बांधलं. सुगंधाबाईनं बांधलं नाही. मेंढक्याच्या घरात बाईमाणूस असं एकटं मागं राहत नाही. लोक काय म्हणतील, असं येडबानं तीनदा विचारलं.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी कुटं पळून चालले न्हाई. हितंच हाय."

तो गेला. दुसऱ्या दिवशी तिनं टोपलं घेतलं. जिथं जिथं कळप बसला होता तिथली जळकी माती खरवडायची आणि टोपल्यानं साऱ्या रानात पातळ पसरायची. अठरा दिवस ती हेच करत होती. मी बैलगाडी पाठवली. तेव्हाही ती आधी नको म्हणाली. परतीचा पाऊस बरा झाला होता. माझ्याच ट्रॅक्टरनं ज्वारी पेरली. त्या बाईपुढं मला माझ्या पारावरच्या हसण्याची लाज वाटायला लागली होती.

ज्वारी आली. भरघोस नव्हे, पण आली. माघात काढणी झाली आणि तिसऱ्याच दिवशी येडबा कळप घेऊन परतला. मी माझ्या रानात होतो. तो बांधापर्यंत आला आणि तिथंच थांबला. काठी आडवी धरून मेंढरं अडवली, मुंडासं सारखं केलं आणि उभा राहिला. मालकानं हाक दिल्याशिवाय कुणाच्या रानात शिरायचं नाही, ही त्याच्या अंगात मुरलेली रीत. कणसं खुडून झालेल्या त्या रानाकडं तो परक्यासारखा बघत होता.

सुगंधाबाई खोपटातून बाहेर आली. तिला क्षणभर कळेना. मग कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना तेवढंच पाहिलं.

"कुणाची वाट बगायलाव?" ती म्हणाली. "मालक तुमीच हाव."

येडबानं काठी खाली घेतली. कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी आत शिरला, आणि तो मात्र बऱ्याच वेळानं, चपला हातात घेऊन आत गेला.