माझ्या भासऱ्यांची सायकल

सायकल हे बसून जायचं वाहन आहे, ही गोष्ट माझ्या भासऱ्यांना जन्मात कोणी सांगितलीच नसावी. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात ते तलावातले मासे धरतात. भर पाण्यात डोंगा उलटला तरी हसत बाहेर येणारा हा माणूस, लहान मूल सायकलवर बसवायचं म्हटलं की घामानं निथळतो.

माझी लेक तीन वर्षांची झाली आणि तिला तलावाच्या पाळीपलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, अंगणवाडीत पोचवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. आधी तिला धानाच्या काट्यावर तोललं. बारा किलो भरली. मग तेवढंच धान पोत्यात घालून, ते कॅरिअरवरच्या वेताच्या खुर्चीला पट्ट्यानं बांधून, तीन दिवस गावातल्या झाडून सगळ्या खड्ड्यांतून फिरवलं. दर फेरीनंतर पोत्यावरून हात फिरवून विचारत, "कुठी लागलं का?" पाय आऱ्यांत जाऊ नये म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जुनं मासळीचं जाळं इतकं घट्ट ताणलं, की लोक विचारू लागले, "भाऊ, आज चाकात किती मासे गावले?" डोक्याला वाळका तुंबा-भोपळा, अर्धा कापून आत कापूस भरलेला. माझी लेक त्यात वेलीला नुकती धरल्यासारखी दिसे.

आमच्याकडे भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाहीत. त्यामुळे मला सगळ्या सूचना सायकलमार्फत येत. "सायकलबाई, पोरीच्या मायले सांगा, फ्रॉकचा नाडा लोंबून राह्यला. चाकात गुंतते."

इतकं करून ते सायकलवर बसत मात्र नसत. उतार आला, उतरले. कुत्रं दिसलं, उतरले. पोरीचं नाक पुसायचं तरी आधी तिला खाली घेत, कारण स्टँडवरच्या सायकलीचा त्यांना काडीचा भरवसा नव्हता. अंगणवाडीच्या बाई एकदा म्हणाल्या, "भाऊ, पायीच आणा ना, लवकर पोचाल."

"पायी आणलं तं ठेच लागंल ना, बाई!"

चैत्रातल्या एका सकाळी मी पाळीवर मोहफुलं वेचत होते. समोरून ही वरात आली. लेक खुर्चीतून विनवत होती, "मोठेबाबा, बसा ना एकडाव!" रस्ता सपाट, कुत्रं नाही, खड्डा नाही. भासरे बसले. दहा पावलं गेले असतील नसतील, चाक ओल्या मोहफुलांवरून सटकलं आणि सायकल आडवी झाली. मी टोपली टाकून धावले.

तुंबा दुभंगला होता. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता. पट्ट्यात अडकल्या अडकल्या ती खिदळत होती, "मोठेबाबा, अजून एकडाव!" मोठेबाबा तिच्या दोन्ही टाचा हातात धरून मातीत बसले होते. कोपरातून रक्त वाहत होतं आणि डोळ्यांतून पाणी.

"बाई," ते थेट मला म्हणाले, "तिचे पाय पाहून घे. मले दिसून नाई राह्यले."

"काई नाई झालं, भाऊजी. धड आहेत पाय."

मग तिथंच त्यांनी सांगितलं. ते अकरा वर्षांचे, माझा नवरा चार वर्षांचा. बाजार दाखवायला त्याला कॅरिअरवर बसवलं आणि त्याचा पाय आऱ्यांत गेला. "तुह्या नवऱ्याची टाच म्या खाल्ली, बाई."

मी थक्क झाले. त्या टाचेला अस्वल चावलं, असं नवऱ्यानं मला लग्नानंतर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं! संध्याकाळी त्याला गाठलं. तो कसनुसा हसला. "बाबांनी दादाले झोडपलं असतं. म्हून अस्वल म्हणलं. मंग सवयच पडली."

आता लेक पाचवीत आहे. स्वतःच्या सायकलनं शाळेत जाते, सुसाट. भासरे रोज पाळीवर उभे राहतात. हल्ली त्यांना लांबचं नीट दिसत नाही.

"मागं वळून पाह्यलं का तिनं?" ते विचारतात.

ती केव्हाच वळणापार झालेली असते.

"पाह्यलं, भाऊजी," मी म्हणते. "हातबी हालवला."