साईंचा साबण आणि चीनचा प्रश्न

लाल राज्य आल्यानंतरही ज्या देशात गिरणीमालक आपल्या गिरणीत बसून आहे, त्या देशाला समाजवादी म्हणावे की भांडवलशाही, या प्रश्नाचा निकाल अंबरनाथच्या एका चाळीच्या ओट्यावर लागला, आणि तो मी लावला. हे वाचून कोणी हसेल, तर हसू नये. निकाल चीनबद्दल होता. अंमलबजावणी मात्र उल्हासनगरच्या एका बराकीत झाली.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा. निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, त्या सुमारास मी कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बैठक मांडली. माझे शिक्षण सहावीत थांबले होते, तरी सरकारी भाषेवरचा माझा अधिकार आतले कारकूनही मान्य करीत. नुकसानभरपाई असो की बराकीतली खोली, लोकांच्या तोंडात जे अडखळे ते माझ्या टाकातून सरळ उतरे. अर्जात फट राहता कामा नये, हे माझ्या विद्येचे सार. साहेबाला फट दिसली की तेथूनच तो अर्ज परत लोटतो.

रविवारी सकाळी अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यातील कामगारांचा अभ्यासवर्ग भरे. तेथे मला मान होता. वर्गाची एक पद्धत होती. विषयाच्या दोन बाजू करायच्या आणि कोणी कोणत्या बाजूने बोलायचे हे काड्या ओढून ठरवायचे. स्वतःचे मत खुंटीला टांगून बोलता आले पाहिजे, असा त्यामागचा हेतू. शेवटी हात वर करून जो निर्णय होई, तो एका वाक्यात लिहून काढण्याचे काम अर्थात माझ्याकडे असे.

वर्गात एक सिंधी गृहस्थ येत. त्यांना सगळे साईं म्हणत. सिंधमध्ये असताना कामगारांच्या संपापायी त्यांनी तुरुंग पाहिला होता. येथे आल्यावर ते पाच नंबरच्या छावणीत, बराकीच्या मागच्या पडवीत, कपडे धुण्याचा साबण तयार करीत. बदलापूरकडच्या डोंगरपाड्यावरून मोळ्या विकायला येणाऱ्या दोन ठाकर बायका त्यांच्याकडे मजुरीवर राहिल्या होत्या. साईं कढई ढवळीत, बायका साच्यात थिजलेली लादी तारेने कापून वड्या पाडीत, आणि जवळजवळ सगळा माल अंबरनाथच्या कामगारांच्या सहकारी भांडारात खपे. भांडार चालवणारी मंडळी वर्गातलीच होती.

चीनचा विषय निघाला त्या रविवारी साईंना लांब काडी आली, मला आखूड. म्हणजे त्यांनी चीन समाजवादी आहे असे सांगायचे आणि मी भांडवलशाही आहे असे.

साईं म्हणाले, "पहिलं हे बघा, घर कोणाचं? बँक सरकारची, रेल्वे सरकारची, जमीन कुळांना वाटली. मालक आता भाडेकरू आहे, भाडेकरू! गिरणी चालवायला दुसरा माणूस तयार नाही म्हणून त्याला ठेवलाय. उद्या सांगितलं, चल निघ, तर निघावं लागेल. भाडेकरू राहतो म्हणून घर त्याचं होतं का?"

मी उठलो. घसा साफ केला. "भाडेकरू भाडे देतो," मी म्हणालो, "हा भाडेकरू तर घरातल्या माणसांकडून भाडे वसूल करतो आहे. वर झेंडा कोणताही लावा, खालच्या भट्टीची जात बदलत नाही. जेथे एक मनुष्य दुसऱ्याच्या मजुरीवर नफा घेतो, तेथे समाजवाद नाही. दुधाच्या हंड्यात विरजणाचा एक थेंब पडला, की सकाळी त्यास दूध म्हणता येत नाही."

टाळ्या पडल्या. एक फिटर ओरडला, "अरे मुन्शी, तू झाडाखाली काय करतोस? हायकोर्टात जा!" हात वर झाले, चीन भांडवलशाही ठरला.

मग मागून पॅकिंग खात्यातला एक जण म्हणाला, "आणि आपल्या साईंचं काय? त्यांच्याकडे दोन बाया राबतात. विरजण तर आपल्याच हंड्यात पडलंय की!"

सगळे हसले. साईंही हसले. "अरे बाबा, दिवसभर कढई तर मीच ढवळतो!"

"ढवळता हो, पण वडी कुणाची?"

हसणे ओसरले. भांडाराचे चिटणीस हे गंभीर गृहस्थ; थट्टा त्यांना सोसत नसे. ते म्हणाले, "आत्ताच निर्णय केलाय ना आपण? मग मालकाचा माल भांडारात कसा चालतो?"

साईं म्हणाले, "बरं, आणि भांडारातला चहा? तो कोणत्या समाजवादी मळ्यातून येतो? काडेपेटी तर तुमच्या शेठचीच विकता!"

मी गप्प बसलो असतो, तर विषय तेथेच मिटला असता. चिटणीसांनी माझ्याकडे पाहिले. मला साईंचा चेहरा दिसला नाही, साबण दिसला नाही; मला ठरावातली फट दिसली. मी तेथल्या तेथे वाक्य बांधून वाचले: "जो माल वर्गाचा सभासद स्वतः मजूर लावून तयार करीत असेल, तो भांडाराने घेऊ नये, अन्य माल गरजेपुरता घेण्यास हरकत नसावी." चहा सुटला, काडेपेटी सुटली. साईं तेवढे सापडले. वाक्याची वाहवा झाली आणि ती मी मान लववून घेतली. हात वर झाले. साईंचा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी साईं कडुनिंबाखाली आले. इतरांसारखे समोर उकिडवे न बसता उभेच राहिले.

"मुन्शीजी, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"काडी आखूड आली होती, साईं."

"ते चीनचं झालं. साबणाची काडी कोणी ओढली होती?"

समोर अर्जदार बसले होते. मी टाक दौतीत बुडवला, पुन्हा बुडवला. मला त्यांच्याशी वैर नव्हते. वैर असते तर निदान कारण सांगता आले असते.

त्याच दुपारी मी बैठक आवरून त्यांच्या पडवीत गेलो. वाटेत मी उपाय शोधला होता आणि तो मला फार उत्तम वाटत होता. बायकांना मजूर न ठेवता भागीदार करावे. मग मालक उरत नाही, ठराव लागू होत नाही. साईंना तो तत्काळ पटला. त्यांनी दोघींना बोलावले आणि मी नफा, हिस्सा, समान हक्क हे सर्व सोप्या शब्दांत समजावले.

थोरली ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे रोजची मजुरी नाय?"

"रोज नाही. माल विकला की हिस्सा."

"आन् नाय विकला त?"

"तर तोटाही वाटून घ्यायचा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. धाकटीला हसू आले. थोरली साईंना म्हणाली, "दादा, तुजा नफा व्हईल तवा व्हईल. आमाला सांजला तांदूल लागतात." आणि ती पुन्हा वड्या कापू लागली.

पुढच्या रविवारी मी वर्गात काड्या ओढण्याआधीच उभा राहिलो. आयुष्यात प्रथमच मी स्वतःच्या मताने बोलत होतो, आणि म्हणून कदाचित वाईट बोललो. मी म्हणालो, "मालक आहे की नाही एवढे पाहून भागत नाही, त्याला कोण अडवू शकतो ते पाहावे. साईंचा भाव भांडार ठरवीत होते. बायकांना मजुरी काय द्यावी हेही आपण सांगू शकत होतो, आणि साईंनी ते ऐकले असते. चीनबद्दल साईं म्हणाले तेच खरे असावे. साईंना भांडाराबाहेर काढल्यावर बाजार त्यांना भाव सांगेल, आणि बाजाराला आपण काय सांगणार?"

मग फिटर म्हणाला, "वा मुन्शी! आज लांब काडी निघाली वाटतं!"

ओटा हसून हसून हलला. हे माझे स्वतःचे मत आहे अशी मी शपथ घेतली, तसा हशा वाढला. जो मनुष्य काडीप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखाच छान बोलतो, त्याची शपथ कोण धरणार? चिटणीस न हसता म्हणाले, "ठराव तुमच्याच शब्दांत आहे, भाऊसाहेब. त्यात मला तरी कुठे वाव दिसत नाही." वाव मी ठेवलाच नव्हता.

साईं पुन्हा वर्गाला आले नाहीत. त्यांचा साबण छावणीच्या बाजारातला एक घाऊक व्यापारी उचलू लागला. त्याला माल जास्त हवा, आणि स्वस्त. पडवी पुरेना म्हणून शेजारची खोली घेतली गेली. कढई ढवळायला माणूस आला. रस्त्यात भेटले की साईं "मुन्शीजी, खुश?" म्हणून हात जोडत. चीनचे नाव ते काढीत नसत. मीही काढीत नसे. तिकडे पुढे सरकार आणि मालक मिळून कारखाने चालवू लागले असे वर्तमानपत्रात आले. त्यास आता काय म्हणावे, असे वर्गात मला विचारले गेले, तेव्हा मी डोके दुखत असल्याचे सांगून घरी आलो.

मागच्या उन्हाळ्यात त्या दोघी ठाकर बायका कडुनिंबाखाली आल्या. साईंनी मजुरी कमी केली होती; अर्ज हवा होता. मी त्यांना बसवून ठेवले आणि आधी साईंकडे गेलो.

ते हिशेबाला बसले होते. माझे बोलणे त्यांनी पूर्ण ऐकले. म्हणाले, "व्यापारी भाव पाडतो, मुन्शीजी. मी कुठून देऊ? भांडार माल घेत असतं तर तुमच्या लोकांकडे आलो असतो, सगळे मिळून काही तोड काढली असती. आता कोणाकडे जाऊ?" त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो.

परत आलो तेव्हा दोघी सावली सरकेल तशा सरकत बसल्या होत्या.

"काय बोलला?" थोरलीने विचारले.

"नाही म्हणाला."

"मंग लिव."

मी कागद पुढे ओढला आणि त्यांच्या बाजूने, साईंच्या विरुद्ध, अर्ज लिहिला.