ठाण्यातली सकीना खाला

सकीना खाला पोलीस ठाण्यात जाताना बुरखा घालायची, पण चेहरा उघडा ठेवायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "ज्याला माझं तोंड बघायचं नाही त्यानं डोळे मिटावेत." रत्नागिरीहून लहानपणीच दुबईला आलेली ती. अरबी अशी फाडफाड बोलायची की मासळीवाले भाव कमी करूनच तिला वाटेला लावायचे.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत वीज नुकती आली होती, प्यायचं पाणी अजून गाढवांच्या पाठीवरून दारात यायचं. आमच्या गल्लीतले बहुतेक नवरे तेलाच्या बेटांवर कामाला, एकदा गेले की महिना-महिना तिकडेच. एखाद्या बाईला ठाण्यात काही सांगायचं झालं तर पुरुष दुभाष्यासमोर तिची जीभ उचलायची नाही. म्हणून पोलीस खालाला बोलावून घ्यायचे. त्या कामाला दुसरी बाई नव्हतीच.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या दोघी ठाण्यात गेल्या. आधी रुकय्या, मग माझी शेजारीण हमीदा. दोघींचे नवरे बेटावर. भर दुपारी एक माणूस घरात शिरला आणि त्यानं जबरदस्ती केली. दोघींची जबानी एकच: अनोळखी होता, तोंड दिसलं नाही. पोलीस धक्क्यावरच्या खलाशांना धरून आणत होते. गल्लीतले म्हातारे म्हणायला लागले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आता पुरे करा." खाला उसळली. "मूठ कुणाची, आणि झाकतंय कोण?"

हमीदाची जबानी देऊन आम्ही तिघी होडीतून खाडी ओलांडत होतो. खालानं हळूच विचारलं, "दार का उघडलंस, बाय?"

माझं डोकंच फिरलं. हाच प्रश्न अधिकाऱ्यानं विचारला होता, हमीदाच्या सासूनं विचारला होता. "खाला, तुम्हीसुद्धा?"

"दोष देत नाही गो. भर दुपारी दोघींनाही तोंड दिसत नाही, आणि दोघीही दार उघडतात. मला कळायला नको?"

हमीदा पाण्याकडे बघत पुटपुटली, "ताट परत द्यायला आलो, म्हणाला." आणि तिनं तोंडावर हात दाबला.

आमच्यात नवरा सफरीला निघाला की नियाज करतात. त्याच्या सलामतीची दुआ मागायची आणि मलिद्याची ताटं ओळखीच्या घरी पाठवायची. म्हणजे घरात पुरुष नाही, हे आम्हीच घरोघर कळवत होतो की! ताट परत करायला बायका येतात. एकाच घरात बाई नव्हती, इब्राहिम मुकादमाच्या. आमच्या नवऱ्यांना बेटावर कामाला लावणारा तोच. विधवा खालाला पोसणाराही तोच, तिचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघींनी तोंड का पाहिलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. भावाचं नाव बहिणीच्या कानात सांगायचं, आणि तिनं ते अधिकाऱ्याला सांगायचं. कोण सांगेल?

होडी काठाला लागताच खाला उतरून एकटीच पुढे चालू लागली. मी मनात म्हटलं, खलास, आता ही गप्प बसणार. शेवटी रक्ताचं नातं.

त्याच आठवड्यात आमचे हे बेटावर निघाले. मी मलिदा मळायला घेतला. ताट पाठवलं तर तो दारात येणार. नाही पाठवलं तर यांचं काम जाणार. इतक्यात खाला आली. चेहरा सुकलेला, आजारातून उठल्यासारखा.

"नियाज कर," ती म्हणाली. "ताट या घराबाहेर जाणार नाही."

"मुकादमांना काय सांगू?"

"सकीनानं अडवलं म्हणून सांग. आणि हमीदाला हाक मार. यल्ला, ठाण्यात जायचंय."

"तो तुम्हाला टाकेल, खाला."

"टाकू दे. मी काय पहिल्यांदा उपाशी राहणार आहे?"

ठाण्यात अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं, तो माणूस कोण? खालानं मराठीत विचारलं. हमीदा तिच्याकडेच बघत राहिली. बाहेरच्या बाकावर गल्लीतले दोन म्हातारे येऊन बसले होते. नाव निघालं तर यांची नोकरी गेली, आणि नाही निघालं तर उद्या माझं दार वाजणार.

"माझ्याकडे बघू नको," खाला म्हणाली. "इथे मी कुणाची बहीण नाही. तू बोल, मी तेवढंच बोलेन. एक शब्द कमी नाही."

हमीदा रडायला लागली. खालानं तिला रडू दिलं. मग हमीदानं नाव घेतलं, "इब्राहिम मुकादम."

खालानं ते अरबीत सांगितलं, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

अधिकाऱ्यानं लिहिता लिहिता मान वर केली. अरबांना नुसतं नाव पुरत नाही. त्यानं विचारलं, "कुणाचा मुलगा?"

हमीदाला ते ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे माहीत होतं!

सकीना खालानं टेबलाची कड धरली आणि आपल्या बापाचं नाव सांगितलं.