सुईवाल्या मावशी आणि बाबांचा चांगला रिपोर्ट

आमच्या शहरात बुधवारा मोहल्ल्यातल्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या सुईवाल्या मावशी आलेल्या माणसाला बेधडक परत पाठवायच्या. रक्तातल्या चरबीच्या तपासणीला कोणी साखरेचा चहा पिऊन आला, की उद्या या. जवळच्या जैनाबाद गावचा एक शेतकरी उपाशीपोटी आला, पण गालात तंबाखू. ती काय जेवण आहे का, म्हणून तो भांडायला लागला. "जेवण नाही भाऊ, पण रक्तातली चांगली चरबी ती कमी करते. डॉक्टरला कळायला नको?" असं म्हणत मावशींनी त्याच्या चिठ्ठीवर 'तंबाखू, रोज' लिहिलं आणि मगच सुई हातात घेतली.

माझे बाबा पेपर मिलमधून रिटायर झालेले. त्यांची चरबी वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती त्यांना नको होती. नायसिन नावाच्या व्हिटॅमिनने चरबी उतरते, असं मिलमधल्या एका जुन्या सोबत्याने त्यांना सांगितलं होतं. सिंधीपुऱ्यात माझं मेडिकल आहे. बाबांनी नायसिनची डबी मागितली, मी काढून दिली. पुढे ते स्वतःच काउंटरमागून घेऊ लागले. व्हिटॅमिनच तर आहे, म्हणून किती घेतात ते मी कधी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये चरबी एकदम उतरलेली दिसली. बाबा खुशीत मावा जिलेबी घेऊन लॅबमध्ये गेले, मी सोबत होतो. एवढी एकदम उतरली कशी, म्हणत मावशींनी पुडा बाजूला ठेवला आणि बाबांचे डोळे पिवळे दिसतात का ते निरखून पाहिलं. तोंड तापतं का, भूक लागते का, असं विचारलं. तोंड तर रोजच लालबुंद व्हायचं, आणि आठवडाभर जेवण जात नव्हतं. मग नायसिनच्या गोळ्यांची गोष्ट निघाली.

"चरबी उतरली, खरं आहे. पण या गोळ्या जास्त झाल्या की लिव्हरवर जातात," मावशी सुई हातात घेत म्हणाल्या. "आता लिव्हरचं काय झालं ते बघू."

संध्याकाळी त्या स्वतःच रिपोर्ट घेऊन दुकानात आल्या. लिव्हरचे आकडे खूप चढलेले होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू दुकानात बसतो. बाप किती गोळ्या खातो, तुला माहीत नाही?"

मी दुकानाचं शटर ओढलं. बाबांना घेऊन मी तसाच डॉक्टरांकडे गेलो. नायसिनच्या गोळ्या बंद झाल्या.

लिव्हर सुधारलं, पण चरबी पुन्हा चढली. चांगला रिपोर्ट या बाईने बिघडवला, असं बाबा गल्लीभर सांगत फिरले. मावशींच्या कानावर ते गेलंच. पुढच्या वेळी रक्त काढताना त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला शिव्या द्या, पण डॉक्टरची गोळी घ्या." बाबांनी घेतली, आणि हळूहळू आकडे जागेवर आले.

गेल्या वर्षी एकाला दोनदा टोचावं लागलं, तेव्हा नजर गेली म्हणत मावशींनी आपण होऊन काम सोडलं. त्या आपल्या मुलीकडे जळगावला निघाल्या, त्या दिवशी बाबा स्टेशनवर आले. जिथे जिथे वाईट बोललो तिथे जाऊन खरं सांगून आलो, असं त्यांनी मावशींना सांगितलं.

"म्हणजे चालणंही झालं की," मावशी हसल्या.

माझं सांगायचं मात्र राहिलं होतं. गाडी गेल्यावर बाकावर बसून मी बाबांना म्हणालो, "चूक माझी होती. मी विचारायला पाहिजे होतं."

 बाबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"आता विचारतोस ना गिऱ्हाइकांना?"

"विचारतो."

"मग झालं," म्हणाले, आणि पुलाच्या जिन्याकडे चालू लागले.