आवारात लेकरू नको

आमच्या गावचा कचरा जिथी येते ते शेड गावाच्या बाहेर हाये, कुरखेड्याचा रोड सोडला का डाव्या हाताले, अन् त्याच्या मांगं लगेच जंगल लागते. वर टिना, तीन बाजूनं भिंत, एक बाजू उघडी, भवताल बांबूचं कुंपन. घंटागाडी येते, कचरा ओतते, अन् आमी बाया तो निवडतो, प्लास्टिक इकडे, कागद तिकडे, काच गोनीत, भाजीपाला खताच्या खड्ड्यात. मी आठवीपर्यंत शिकली, मंग लग्न झालं, मंग पोरगी झाली. आमचे हे मिरची तोडाले तेलंगणात जातात ते महिनेन्महिने तिकडेच राह्यतात, अन् सासूले डोळ्यानं दिसत नाई. म्हनून पोरगी माझ्यासंगं शेडात. मांगच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपाले मी लुगड्याचा झुला बांधला होता, अन् काम करता करता जाऊन त्याले हात लावून येत होती, परत जात होती, परत येत होती. असं चालून राह्यलं होतं अन् कोनी काई म्हनत नव्हतं.

आमच्यात जी सगळ्यात जुनी बाई, तिले आमी मोठीबाई म्हनतो. ती जंगलाकडल्या गावची, तोंडानं फटकळ. अन् वर एक मुकादम भाऊ. भला मानूस हाये, पन सायबाची गाडी दिसली का त्याचे हातपाय गळतात.

एक दिवस मुकादम भाऊ आला अन् सांगाले लागला का उद्या इंजिनेरिंग कॉलेजची एक मॅडम येनार हाये, कचऱ्यावर संशोधन करनार हाये. "तुमी कशा निवडता, कुठी उभ्या राह्यता, कुठून कुठी चालता, हे सगळं पाहनार हाये ते."

"चालवून पाहनार?" मोठीबाई म्हने. "आमी का नवऱ्या हाओ, आमाले चालवून पाहाले?"

सगळ्या हासल्या. मी नाई हासली. मले एकच दिसलं, का मॅडमनं झुला पाह्यला का माझं काम गेलं. काम सोडून घरी बसाचं म्हनलं तं घरी काय हाये.

मुकादम भाऊ जाता जाता माझ्याजवळ थांबला, पन पाहे दुसरीकडे. "उद्या पोरगी आनू नोको बाई."

"अन् परवा?"

"परवाचं परवा."

आता आमच्याकडे पाव्हना येनार म्हनलं का आंगन सारवल्याबिगर कोनी चायचं भांडं चुलीवर ठेवत नाई. कोनी कोनाले सांगितलं नाई, पन दुसऱ्या दिवशी सगळ्याच बाया सकाऊन जल्दी आल्या. पडून राह्यलेला ढीग होता तो सगळा निवडून टाकला. घंटागाडीवाल्याले सांगितलं का भाऊ, मॅडम गेल्यावर ये, तोवर गाडी कुठीतरी उभी कर. शेड झाडलं, गोन्या भिंतीले ओळीनं लावल्या, त्यांची तोंडं शिवली. वास जावा म्हनून राईस मिलची राख आनली अन् चाळून सगळ्या जमिनीवर बारीक पसरवली, एकदम गालिच्यावानी. एकीनं समोर रांगोळी काढली, त्यात हिरवा रंग भरला. मी झुला सोडून घडी घातली अन् पिशवीत लपवला. पोरगी शेजारच्या घरी ठेवली होती, तिथली सून म्हने दुपारपर्यंतच ठेवन, मंग मले धान कापाले जाचं हाये. तेवढ्यातच पोरगीचा खोकला ऐकून आली होती मी, अन् तोच माझ्या कानात.

मॅडम आली. माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी असन. गळ्यात घड्याळ लटकवलेलं, हातात टेप. चप्पल बाहेर काढू का म्हने, रांगोळी पाहून. मंग आत आली अन् इकडे पाहे, तिकडे पाहे.

"कचरा कुठे आहे?"

"झाला मॅडम," मोठीबाई म्हने, असं म्हने का जशी पोरीचं लग्न उरकून बसली.

"झाला म्हणजे?"

"निवडला. सगळा. एक कागद सापडला तं सांगा."

मॅडम गोनीवर बसली. मंग म्हने, "अहो, मी तो घाणेरडा ढीगच बघायला आले होते. तुम्ही तर लग्नघर करून ठेवलंत."

आमाले समजलंच नाई का यात चुकलं काय. मुकादम भाऊ मांगं उभा राहून आमच्यावर डोळे वटारून राह्यला होता. सकाऊन रांगोळी चांगली हाये म्हननारा तोच होता.

मंग मॅडम उठली अन् राखेकडे पाहाले लागली. राखेवर पाय उमटले होते. बाकी बायांचे इकडे तिकडे, पन एक वाट मांगच्या कोपऱ्यात गेली होती, गेली अन् आली, गेली अन् आली, पार पाऊलवाट झाली होती तिथी. कोपऱ्यात काईच नव्हतं. पाय माझे. मी कवा गेली ते माझं मलेच मालूम नाई, झुला तं मीनंच सोडला होता.

"इतक्यांदा या कोपऱ्यात कोण गेलं?" मॅडम म्हने. "इथे तर काहीच नाही."

मी पायावर पाय ठेवून उभी राह्यली.

"तिथी देव बसवाचा हाये," मोठीबाई म्हने.

"कोणता देव?"

"ते अजून ठरलं नाई मॅडम. जो येईन तो बसन."

मॅडमनं मान हलवली. "बरं, मग ती जागा मी मोजत नाही." अन् टेप घेऊन तो कोपरा सोडून बाकी सगळं मोजलं. जातानी हात जोडून म्हने, "उद्या कचऱ्याला हात लावू नका. जसा येईल तसा असू द्या."

दुसऱ्या दिवशी गेलो तं कोपऱ्यात खरंच देव. चांगला गोटा, त्याले शेंदूर, वर फूल, समोर नारळ फोडलेला, उदबत्ती अर्धी जळलेली. मुकादम भाऊ आंघोळ करून कोरा शर्ट घालून उभा.

"भाऊ, हे काय केलं?" मोठीबाई म्हने.

"तुमीच तं देव सांगितला. तिनं आज इचारलं असतं तं मी कोनाले दाखवलं असतं?"

"अवो, ते झुल्यासाठी सांगितलं होतं! आता झुला कुठी बांधाचा?"

"मले का मालूम? मले कोनी सांगितलं का?"

"मंग उचल अन् ठेव बाहेर."

"मी?" मुकादम भाऊ एक पाऊल मांगं सरकला. "तूच उचल."

मोठीबाईनं नाई उचलला. कोनीच नाई उचलला. शेंदूर लागला का गोटा गोटा राह्यत नाई, हे त्यालेबी मालूम, आमालेबी मालूम.

अन् पोरगी माझ्या कडेवर होती. शेजारच्या सुनेचं धान पडून होतं, ती दोन दिवस कशी ठेवन. मी चादर घेतली अन् पोरगीले पाठीले घट्ट बांधली. मुकादम भाऊनं पाह्यलं अन् तोंड फिरवलं. तेवढ्यात गाडी आली, ढीग पडला, धूळ उडाली, अन् मांगून मॅडम.

आता मॅडमनं माझी पाठ पाहू नये, म्हनून मी तिच्याकडे तोंड करूनच काम करून राह्यली होती. ती उजवीकडे गेली का मी फिरे, डावीकडे गेली का मी फिरे. बाजूची बाई म्हने, "काय वं, सूर्यफूल झाली का तू?" मॅडम घड्याळ दाबे, थांबवे, लिहे. वाकून उचलाले किती वेळ लागते, गोनीपर्यंत जाले किती, असं. मी वाकली का पोरगीचं तोंड ढिगाच्या एकदम जवळ येई. झुला होता तवा निदान ती दूर तं होती. हे मले समजून राह्यलं होतं, पन हात थांबले नाईत. थांबले तं मॅडम पाहनार.

पोरगी खोकलत होती ते थांबली. ती चूप झाली का दोनच गोठी असतात, एक तं झोपली, नाईतं तिच्या हाताले काई लागलं. मी तवाच एक काळी थैली खांद्यावरून मांगं टाकली होती, अन् ती फाटकी होती.

"हलू नका!" मॅडम वरडली.

मी थांबली. मॅडम माझ्या मांगून आली. मले काईच दिसत नव्हतं, फक्त समोरच्या बायांची तोंडं दिसत होती, अन् मोठीबाईनं तोंडाले पदर लावलेला. मॅडम पोरगीले म्हनून राह्यली होती, "दे बरं, दे मला, शहाणी ना तू." तिची मूठ उघडाले लई वेळ लागला. मंग मॅडमनं ते माझ्या समोर धरलं. दवाखान्यातली सुई. वर टोपन होतं. टोपन निघालं नव्हतं.

पोरगी रडाले लागली, तिचं खेळनं गेलं म्हनून.

"कधीपासून आणता हिला?"

"झुला होता मॅडम. त्या कोपऱ्यात."

"जिथे देव आहे?"

"देव आज सकाऊनच आला."

मॅडमनं देवाकडे पाह्यलं, मंग मोठीबाईकडे. मोठीबाई खाली पाहाले लागली. मुकादम भाऊ मधात घुसला. "नियम हाये मॅडम, आवारात लेकरू नको. मी सांगतच होतो."

"तू सांगत होता?" मोठीबाई म्हने. "तू तं त्या झुल्याले झोका देत होता रोज."

"नियम बरोबरच आहे," मॅडम म्हने. "या शेडमध्ये मूल नकोच. ही धूळ, या सुया. मी उद्या कोणाला विचारलं तरी हेच सांगतील."

मी पाठीवरची गाठ सोडाले लागली. आता जाचंच हाये तं जाव. मॅडम म्हने, "थांबा. अंगणवाडी आहे ना?"

"तीन वर्साची झाल्याबिगर बसवत नाई. अन् ते पार दुसऱ्या टोकाले हाये."

मॅडमच्या हातात घड्याळ तसंच चालू होतं, बंद कराचं राह्यलं होतं.

मोठीबाई म्हने, "भाऊ, आवार म्हंजे काय?"

"कुंपनाच्या आत ते आवार."

"मंग आवार लहान करा."

कोनाले समजलंच नाई. ती कुंपनापाशी गेली अन् आतल्या बाजूच्या मोहाच्या झाडाले हात लावून उभी राह्यली. "हे झाड बाहेर जाऊ द्या. कुंपन इकडून घ्या. मंग लेकरू आवारात कुठी हाये? मंग ते गावात हाये."

मुकादम भाऊ मॅडमकडे पाहे, मॅडम झाडाकडे पाहे. मंग तिनं चिमूटभर राख उचलली अन् झाडापाशी जाऊन वर उडवली, वारा कुठून येते ते पाहाले. राख शेडाकडे गेली. म्हने, "इथे धूळ कमी येईल. पण मूल एकटं ठेवायचं नाही."

दुपारून आमी बांबू उपटले अन् आत गाडले. मोह बाहेर गेला. झुला त्याच्या फांदीले बांधला. त्या दिवशी मॅडमचं मोजनं राह्यलंच, दुसऱ्यांदा वाया गेला दिवस तिचा. मंग ती येतच राह्यली, बरेच दिवस. तिनं आमच्यासाठी उंच टेबल करून घेतलं, उभ्यानं निवडाले, अन् माझी जागा कुंपनाकडे तोंड करून ठेवली. तिच्या मोजन्यात असं निघालं का लई वेळ उभं राह्यलं का बाईचा हात मंदावते, मंग ती तोच कागद दोनदा पाह्यते. म्हनून तिनं विसाव्याची पाळी लावली, एकीनं बसाचं, बाकीच्यानं निवडाचं, मंग दुसरीनं.

"बसून राह्यल्या तं काम कोन करन?" मुकादम भाऊ म्हने.

"करून तर बघा," मॅडम म्हने. करून पाह्यलं. ढीग रोजच्या टायमालेच संपला.

जिची बसाची पाळी तिनं झुल्यापाशी बसाचं, हे मॅडमनं नाई ठरवलं, ते आमचं आमीच ठरवलं.

मॅडम गेली. तिचं संशोधन छापून आलं का नाई मले मालूम नाई. देव कोपऱ्यात हाये, मुकादम भाऊ त्याले उदबत्ती लावते.

मले भेव अजून हाये. मोहाच्या मांगं जंगल हाये, तिकडून डुकरं येतात, कुत्री येतात, अन् बाकी जे येते त्याचं नाव आमी शेडात घेत नाई. पोरगीचा खोकला कमी झाला, पुरा गेला नाई. अन् पोरगी आता चालते. झुल्यात राह्यत नाई.

मांगं एक दिवस मी टेबलावर काच निवडून राह्यली होती, मान वर केली तं झुला रिकामा, अन् झाडापाशी कोनीच नाई. हातातली काच तशीच धरून मी कुंपनाकडे निघाली. तेवढ्यात मुकादम भाऊ म्हने, "अवो, हे कोनाचं?" पोरगी दोन बांबूच्या मधातून घुसली होती अन् आवाराच्या मधोमध उभी होती. त्यानं तिले उचललं, कुंपनावरून पलीकडे उतरवलं, कारन आवारात लेकरू नको, अन् तिथीच उभा राह्यला, तिचं बोट धरून, कुंपनावरून वाकून.

जिची पाळी होती ती बाई पानी प्याले आत गेली होती. "आत्ताच गेली होती वं," ती म्हने. आत्ता म्हंजे कवा, हे मी इचारलं नाई. ती रडाले लागली होती.

मोठीबाईनं आतला माठ उचलला, कमरेवर घेतला अन् नेऊन मोहाखाली ठेवला. "आता ज्याले तहान लागन ते तिकडे जाईन," ती म्हने. मुकादम भाऊ बांबू आनाले गेला, भोक बुजवाले. मी हातमोजे सारखे केले अन् टेबलावर परत आली, काच अर्धी राह्यली होती.