करडानं खाल्लेली चिठ्ठी

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी सरळ सांगते, एका करडाचे. हसायचं तर हसा. आजार आजही पुरता गेला न्हाई, गोळ्या चालू हायेत. पण मी हाये, ती त्याच्यामुळं.

कित्येक वर्षं माझं मन विझल्यासारखं होतं. घनसावंगीच्या आमच्या घरात मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राह्यची. शेजारी वेगळी राहणारी जाऊ म्हणायची, "हिला काय धाड भरली? खाऊनपिऊन तर बराबर हाये!" जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्त्या. दोन महिने घेतल्या अन् सोडल्या. वेड्याच्या गोळ्या मी का खाऊ? चिठ्ठी तेवढी उशाखाली राह्यली.

मंग त्याच जावेची शेळी व्यायली अन् दुसऱ्या दिवशी मेली. जावेनं करडू आणून माझ्या अंथरुणावर ठेवलं. "न्हाई तरी पडूनच असतीस, याला सांभाळ," म्हणाली अन् गेली. असा राग आला मला! पण ते माझ्या पदराचं टोक चोखायला लागलं. उठावंच लागलं. दिवसातून चार-पाचदा कोमट दूध, लेकराच्या बाटलीनं. दुसऱ्या कुणी बाटली धरली की तोंड फिरवायचं, नखरेल कुठलं! दुधाचा वास अंगाला राह्यचा, म्हणून मी रोज अंघोळ करायला लागले.

महिन्याभरात ते दिसंल ते चघळायला लागलं. एक दिवस उशाखालची चिठ्ठीच खाऊन टाकली. मी हसले, मोठ्यानं हसले. मालक दारातच उभे होते. माझं हसू ऐकून त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "चल, नवी आणू."

डॉक्टरांनी निवांत विचारपूस केली. मंग पेन खाली ठेवून म्हणाले, "जीव द्यावा, असं मनात येतं का?"

हे मी मालकांनाही कधी बोलले नव्हते. "यायचं," मी म्हणाले, "लई वेळा यायचं." शेजारी मालकांनी माझा हात घट्ट धरला.

"अन् आता?"

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेल्ते. माझा जीव वरखाली व्हायला लागला.

"आता जरा जल्दी लिहा, साहेब. पाचची जीप हुकली तर करडू उपाशी राहील."