जांभळापासून पंधरा पावलं

मंडळी, लेकरं गेलेल्या आपल्यासारख्या मायबापांची ही फिरती वही आज माझ्याकडं आली, म्हणून आजचंच लिहून राह्यलो.

सकाळी मी आन् बायको प्राणहितेवर गेलो. दोन सालांमागं आमची चार महिन्यांची पोरगी तिथं वाळूत पुरली. पूर ओसरला की आमी वाटीभर दूध घेऊन जातो.

निजाम सरकारच्या मोजणीत जमिनीवर साखळी धरायचं माझं काम. जागा चुकू नये म्हणून काठावरच्या जांभळाच्या झाडापासून पंधरा पावलं मोजून ठेवली होती. गेल्या साली पाणी जवळ आल्यासारखं वाटलं. पण झाडापासून पोरीपर्यंत मोजलं, तर बरोबर पंधराच भरली. मी निश्चिंत झालो.

आज झाडच नव्हतं. काठही नव्हता. तिथं छातीभर पाणी वाहून राह्यलं होतं.

नावाडी म्हणाला, "नदी दरसाल हा काठ थोडा थोडा कापते आन् वाळू पलीकडं नेऊन टाकते. औंदाच्या पुरात एकदमच गेला."

पलीकडं, म्हणजे इंग्रजांच्या चांदा जिल्ह्यात, वाळूचा नवा पट्टा पडला होता. एक बाई त्यात टरबुजाच्या बिया लावून राह्यली होती.

"दूध कुठं सोडू?" बायकोनं विचारलं.

मला रडूही आलं नाही. बायको वाटी तशीच घेऊन घरी आली. दूध अजून चुलीपाशी आहे.

तुमच्यापैकी कोणाचं लेकरू नदीकाठी पुरलेलं असंल, तर वहीत लिहा. तुमी कुठून मोजता?